लॅपटॉपवरची गाडी रस्ता सोडून भलतीकडे दिसते? सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे तपासा

गाडीत लॅपटॉपला यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी हे आहे. आधी लक्षणं. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- गाडी दादरला उभी आणि स्क्रीनवरचा ठिपका ठाण्यात, पुण्यात किंवा सरळ अरबी समुद्रात.
- ठिपका चालतो गाडीबरोबरच, पण रस्त्याला समांतर, वीस-तीस मीटर बाजूने, बिल्डिंगांच्या अंगावरून.
- सुरुवातीला नीट चाललं, अर्ध्या तासाने ठिपका गोठला. वायर काढून परत लावली की सुरू.
- रिसीव्हरचा दिवा लुकलुकतोय, तरी प्रोग्रॅम म्हणतो जीपीएस सापडत नाही.
- रिसीव्हर लावून लॅपटॉप चालू केला की माउसचा बाण स्वतःच सैरावैरा धावतो आणि नको ती खिडकी उघडतो.
- ठिपका अगदी जागेवर, पण सुचवलेला रस्ता भलताच, किंवा रोजच्या वापरातला पूल त्याच्या गावीच नाही.

हे सगळं लोक एकाच वाक्यात सांगतात: "मॅप चुकतोय, दुसरं चांगलं सॉफ्टवेअर सांग." फोनही बहुधा ट्रिपच्या आदल्या रात्री येतो. माझ्याकडे येणारे लॅपटॉप सह्याद्रीत जीप घेऊन फिरणाऱ्यांचे आणि छोट्या सर्व्हे ऑफिसांचे असतात. त्यांचं अनुमान क्वचितच बरोबर निघतं. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: आकाशातून जागा काढणारा रिसीव्हर, ती जागा प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारी वायर-ड्रायव्हर-विंडोजची वाट, आणि तिसरा नकाशा. तिघांचे बिघाड दिसायला सारखे, पण इलाज वेगळे. सॉफ्टवेअर बदललं की फार तर तिसरा बदलतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. फक्त "डावीकडे वळा, उजवीकडे वळा" एवढंच हवं असेल तर फोन स्टँडला लावा आणि हे सगळं विसरा. मोठ्या स्क्रीनवर ट्रॅक बघायचा असेल, घाटात नेटवर्क गेलं तरी स्वतःचे नकाशे हवे असतील, किंवा गेलेल्या वाटेची नोंद नंतर तपासायची असेल, तर लॅपटॉपला अर्थ आहे. आणि तो मांडीवर घेणारा माणूस ड्रायव्हर नसावा.

ठिपका मुळात जीपीएसचा आहे का?

फुकटची आणि एका मिनिटाची तपासणी, म्हणून पहिली. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची चिप नसतेच. सिमकार्ड घेणाऱ्या काही मॉडेलांत असते. तरी ब्राउझरमध्ये गूगल मॅप्स उघडलं की ठिपका दिसतो. तो आसपासच्या वायफाय राउटरांच्या ओळख-क्रमांकांवरून किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. एखाद्याने राउटर जुन्या घरातून नव्या घरी नेला आणि नोंद जुन्याच घराची राहिली, की तुम्हीही त्याच्या जुन्या घरी. फोनच्या हॉटस्पॉटवर असाल आणि आजूबाजूला ओळखीचा राउटर नसेल, तर शहरसुद्धा बदलू शकतं.

गाडी चालू असताना हॉटस्पॉट आणि वायफाय बंद करा. ठिपका जागचा हलेनासा झाला, तर तो जीपीएसचा नव्हताच. तुम्ही पैसे देऊन आणलेला यूएसबी रिसीव्हर तो प्रोग्रॅम वाचतच नाहीये. साधे यूएसबी रिसीव्हर सीरियल पोर्ट (विंडोजमधलं "कॉम" नावाचं जुन्या पद्धतीचं दार) म्हणून बोलतात आणि ब्राउझरमधला नकाशा त्या पोर्टकडे बघत नाही. ठाणं-पुणं दाखवणाऱ्या ठिपक्यांचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

आकाश

रिसीव्हर डॅशबोर्डवर, काचेला लागून, छताच्या पत्र्याखालून बाहेर. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर ती सिग्नल खाते. मग चुंबकाचा रिसीव्हर टपावर चिकटवा आणि वायर दाराच्या रबरातून आत घ्या. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका.

दुसरी गोष्ट धीराची. उपग्रहाची नेमकी कक्षा सांगणारा संदेश मिळायला सलग तीसेक सेकंद स्वच्छ सिग्नल लागतो आणि ती माहिती साधारण चार तासच उपयोगी असते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. आता आपल्याकडची रीत बघा: टॉवरच्या पोडियम पार्किंगमध्ये लॅपटॉप लावायचा, रॅम्पवरून बाहेर पडायचं आणि लगेच मेट्रोच्या पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं. न्यू लिंक रोडवर डोक्यावर मेट्रो २ अ, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मेट्रो ७. तीस सेकंद सलग मिळणार कुठून? महिनाभर पडून राहिलेला रिसीव्हर मोकळ्या मैदानाशेजारी गाडी उभी करून पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग निघा. अर्ध्या तक्रारी या पंधरा मिनिटांत मिटतात.

वायर आणि पोर्ट

थोड्या वेळाने गोठणारा ठिपका असेल तर आधी वायरवर संशय घ्या. दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून बघा. हब वापरत असाल तर तो काढा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा, कारण बॅटरी वाचवायला विंडोज पोर्टची वीज कापतं आणि काही रिसीव्हर त्यातून उठत नाहीत. लायटरच्या खाचेतला स्वस्त चार्जर आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क दोन्ही रेडिओ गोंगाट करतात. रिसीव्हर त्यांच्यापासून हातभर लांब ठेवा. साध्या एक्स्टेन्शन वायरीने हे काम होतं.

खाच बदलली की पोर्टचा नंबर बदलतो, हे विसरू नका. काल कॉम ३ होता तो आज कॉम ७, आणि प्रोग्रॅम अजून ३ वरच वाट बघत बसलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "पोर्ट्स" उघडून नंबर बघा. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो कायमचा ठरवूनही देता येतो. एक आकडी द्या, काही जुन्या प्रोग्रॅमांना दोन आकडी पोर्ट दिसतच नाही.

रिसीव्हर आणि प्रोग्रॅम यांचा बोलण्याचा वेगही जुळायला हवा. सर्फ चिपचे जुने रिसीव्हर ४८०० बॉडला बोलतात, यू-ब्लॉक्सचे बहुधा ९६०० ला. वेग चुकला की पोर्ट उघडतो पण कचरा वाचला जातो. आणि एक सीरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो. मागे गूगल अर्थ उघडं असेल तर क्यूजीआयएसला (हा नकाशे हाताळणारा फुकट प्रोग्रॅम) जीपीएस "सापडणार नाही", आणि दोष नव्या प्रोग्रॅमच्या माथी.

विंडोजच्या खोड्या

तीन ठरलेल्या आहेत.

पहिली, पळणारा बाण. लॅपटॉप सुरू होताना रिसीव्हर लावलेला असेल तर त्याचा सीरियल मजकूर विंडोजला जुन्या सीरियल माउसचा वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट" नावाचा पाहुणा आलेला दिसेल. त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल केलंत तर पुढच्या वेळी परत येईल. बाण पळत असताना हे करणं अवघड जातं, म्हणून आधी रिसीव्हर काढा, लॅपटॉप सुरू करा, मग लावा. तेवढ्याने बहुतेकदा पाहुणा येतच नाही.

दुसरी, यू-ब्लॉक्स ७ किंवा ८ चिपचा रिसीव्हर लावला की विंडोज आपणहून सेन्सरचा ड्रायव्हर बसवतं. मग रिसीव्हर "सेन्सर्स"मध्ये दिसतो आणि कॉम पोर्ट गायब. विंडोजची लोकेशन सेवा वापरणाऱ्या ॲपला हे चालतं; सीरियल पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रॅमला नाही. "अपडेट ड्रायव्हर"मधून यादी उघडून "यूएसबी सीरियल डिव्हाइस" निवडलं की पोर्ट परत येतो.

तिसरी, सीरियल मजकूर यूएसबीवर नेणाऱ्या पीएल२३०३ चिपचे रिसीव्हर. विंडोज ११ वर नव्या ड्रायव्हरने जुन्या एचएक्सए चिपला डिव्हाइस मॅनेजरमध्येच "२०१२ पासून बंद" असा शेरा दिलेला दिसतो. यात बनावट चिपाही सापडतात. जुना ड्रायव्हर टाकून तो चालवता येतो, पण पुढचं अपडेट त्याला परत मारतं. मी तरी आता असा रिसीव्हर दुरुस्त करत नाही, बदलायला सांगतो.

कच्च्या ओळी वाचा

इथवर काही मिळालं नाही तर रिसीव्हर स्वतः काय म्हणतोय ते ऐका. पुट्टी हा फुकट प्रोग्रॅम सीरियल पोर्टवर उघडा, किंवा यू-ब्लॉक्सचा स्वतःचा प्रोग्रॅम यू-सेंटर टाका. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सरकताना दिसतील. त्यातली जीपीआरएमसी किंवा जीएनआरएमसी नावाची ओळ धरा. वेळेनंतर एक इंग्रजी अक्षर येतं: "ए" म्हणजे जागा मिळाली, "व्ही" म्हणजे अजून नाही. "व्ही" असेल तर परत आकाशाकडे जा, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. "ए" असूनही ठिपका चुकत असेल तर रिसीव्हर निर्दोष असण्याची शक्यता मोठी.

पुढचे आकडे वाचताना एक गोम आहे. या ओळींत अंश आणि मिनिटं चिकटून लिहिलेली असतात. सीएसएमटीसमोर उभे असाल तर अक्षांश १८५६.३९ असा काहीतरी दिसेल. याचा अर्थ १८ अंश ५६.३९ मिनिटं, म्हणजे दशांशात १८.९४. एखादी घरगुती स्क्रिप्ट किंवा एक्सेल शीट त्याला सरळ १८.५६३९ समजली आणि रेखांशाचंही तेच झालं, की तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला तीस-चाळीस किलोमीटर समुद्रात. अरबी समुद्राच्या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ पाण्यात जाते. आणि जागा मिळालेली नसताना प्रोग्रॅमने रिकाम्या रकान्याला शून्य धरलं, की आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. ठिपका कुठल्या समुद्रात आहे त्यावरूनच निदान होतं.

त्याच ओळीत तारीख बघा. वेळ साडेपाच तास मागे असेल तर बिघाड नाही, ती जागतिक वेळ आहे. वेगही नॉटमध्ये असतो, ताशी किलोमीटर हवे तर १.८५२ ने गुणा. पण तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षं मागची असेल तर रिसीव्हर म्हातारा झालाय: जीपीएस आठवडे मोजतं, १०२४ झाले की मोजणी शून्यावर येते आणि असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. अशा रिसीव्हरची जागा बहुधा बरोबर असते, पण तारखेवर अडणारे प्रोग्रॅम त्याला नाकारतात आणि ट्रॅकच्या नोंदी निरुपयोगी होतात.

आता नकाशांची तुलना, पण एकाच ट्रॅकवर

लोक तुलना करतात ती अशी: एका रविवारी एक सॉफ्टवेअर, पुढच्या रविवारी दुसरं, आणि मग निष्कर्ष की पहिलं जास्त अचूक. हे निरर्थक आहे. वळणं सांगणारे प्रोग्रॅम ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतात. गूगल अर्थ प्रो आणि क्यूजीआयएस तसं करत नाहीत, रिसीव्हरने दिलेली जागा जशीच्या तशी दाखवतात. म्हणून ओढणारा प्रोग्रॅम अचूक वाटतो आणि खरं बोलणारा चुकीचा. तुलना करायची तर आधी "लॉक ऑन रोड" किंवा तत्सम सेटिंग बंद करा.

मग एकदाच ट्रॅक नोंदवा. सायन ते वाशी, जाऊन-येऊन, पुरेसा आहे. खाडीपुलावर डोक्यावर मोकळं आकाश मिळतं, त्यामुळे तिथला ट्रॅक विश्वासाचा. तो ट्रॅक गूगल अर्थ प्रोमध्ये आणि क्यूजीआयएसमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा) टाका. दोन्हीकडे सारखाच, एकाच दिशेला सरकलेला असेल तर दोष रिसीव्हरचा किंवा डेटमच्या सेटिंगचा (ते काय, हे लगेच खाली). एकाच नकाशावर सरकलेला असेल तर तो नकाशा. उघड्या आकाशाखाली साधा रिसीव्हर पाचेक मीटरच्या आत असतो, तेव्हा पुलावर वीस मीटरची तफावत खपवून घेऊ नका.

डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरला ते. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारे नकाशे) "एव्हरेस्ट" नावाच्या जुन्या आकारावर आहेत. ट्रेकवाले स्कॅन केलेली टोपोशीट सॉफ्टवेअरमध्ये घालतात, डेटम तसाच सोडतात आणि सगळा ट्रॅक डोंगराच्या भलत्या धारेवरून जातो. अशी एकसारखी सरक दिसली की आधी हे बघा.

घाटात आणखी एक भानगड. ओपनस्ट्रीटमॅपवरचे बरेच रस्ते उपग्रहचित्रांवरून हाताने काढलेले असतात आणि उंचसखल भागात ती चित्रंच थोडी सरकलेली असू शकतात. ताम्हिणीत किंवा वरंध्यात दहा-पंधरा मीटरचा फरक दिसला तर मी रिसीव्हर उघडत नाही. तो रस्ता स्वतः दुरुस्त करता येतो, ओपनस्ट्रीटमॅप त्यासाठीच आहे.

नकाशाचं वय काढायला कुठलीही फाइल उघडायची गरज नाही, मुंबईच पुरेशी आहे. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू दिसत नाही? नकाशा जानेवारी २०२४ च्या आधीचा. समृद्धी महामार्ग इगतपुरीलाच थांबतो? जून २०२५ च्या आधीचा, तेव्हा तो आमणेपर्यंत खुला झाला. मुंबई-गोवा रस्त्यावर एनएच-६६ ऐवजी एनएच-१७ लिहिलंय? मग फारच जुना, तो सरळ काढून टाका. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पुरता खुला व्हायला २०२५ उजाडलं. त्या काळात ऑफलाइन नकाशे लोकांना इमाने-इतबारे त्या बंद पुलाच्या तोंडाशी नेऊन सोडत होते. ऑफलाइन नकाशाची किंमत ही असते. ओपनस्ट्रीटमॅपची भारताच्या पश्चिम विभागाची ताजी फाइल जिओफॅब्रिक या साइटवर फुकट मिळते. निघायच्या आधी ती बदला.

वाहनाचा प्रकारही बघा. बाइकवाल्याला अटल सेतूवरून नेणारा प्रोग्रॅम चुकीचा नकाशा वापरत नसेल. त्यात वाहन "कार" निवडलेलं असेल. अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत थोडक्यात. ट्रॅक बघायला आणि ताडायला गूगल अर्थ प्रो सोपं, क्यूजीआयएस खोल. लिनक्स असेल तर नॅव्हिट बसवून बघा, दिसायला ओबडधोबड पण ऑफलाइन वळणं सांगतं. परदेशी जुने लेख वाचून मायक्रोसॉफ्टचं स्ट्रीट्स अँड ट्रिप्स शोधत बसू नका: ते २०१४ मध्ये बंद झालं आणि त्यात अमेरिका-कॅनडाच होतं. विंडोजचं स्वतःचं मॅप्स ॲपही २०२५ मध्ये स्टोअरमधून गेलं. ओपनसीपीएन सुंदर आहे, पण ते बोटींचं. त्यात रस्ते शोधणाऱ्यांनी मला विचारू नये.

हे बिघाड नाहीत

कोस्टल रोडचा मलबार हिलखालचा बोगदा दोन किलोमीटरचा. आत उपग्रह नाहीत, म्हणून ठिपका प्रियदर्शनी पार्कला थांबतो किंवा जुन्या दिशेने सरळ पुढे जातो. फोनमध्ये हालचाल मोजणारे सेन्सर असतात, यूएसबीच्या साध्या रिसीव्हरमध्ये नसतात. बाहेर पडल्यावर काही सेकंद द्या. जे. जे. फ्लायओव्हरवर असताना खालचा मोहम्मद अली रोड दाखवणं, लालबागच्या पुलावर आंबेडकर रोड दाखवणं, हेही तसंच. एकावर एक रस्ते असले की जीपीएसची उंची त्यांना वेगळं करण्याइतकी भरवशाची नसते. लोअर परळच्या काचेच्या टॉवरांमध्ये सिग्नल भिंतींवरून आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. नवा रिसीव्हर घेतलात तर एकाहून अधिक उपग्रहप्रणाली पकडणारा घ्या, उड्या कमी होतील. पूर्ण थांबणार नाहीत.

इथे थांबा

रिसीव्हर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो आणि तुमच्या लॅपटॉपच्या कुठल्याच खाचेत पेन ड्राइव्हसुद्धा दिसत नाही, तर खाच किंवा मदरबोर्ड गेला आहे. तो चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, लॅमिंग्टन रोडवर असे बरेच आहेत. घरी सोल्डरिंगचा डाग देऊ नका. खाच गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर काहीही लावून बघू नका, लॅपटॉप बंद करा.

ऑफिसचा लॅपटॉप ड्रायव्हर बदलू देत नसेल तर तुमच्या आयटी विभागाला सांगा. पासवर्ड चुकवायच्या युक्त्या मी सांगत नाही.

इन्व्हर्टर किंवा कायमची वायर गाडीच्या बॅटरीवरून घ्यायची असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून, फ्यूज घालूनच. डॅशबोर्ड उघडावा लागणार असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, कारण त्याच्या मागे एअरबॅगची वायर असते.

आणि सर्व्हे ऑफिसवाल्यांसाठी: प्लॉटची हद्द, रस्ता रुंदीकरणात जाणारी भिंत, शेजाऱ्याशी असलेला बांधाचा वाद, यांतलं काहीही पाच मीटर चुकणाऱ्या रिसीव्हरवर ठरवू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो.